दादाचा अ‍ॅम्प्लिफायर

परवा द्वारका चौकातल्या दुकानात मोबाइल दुरुस्तीला दिला. दुकानदाराने सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवली, राळेचा धूर नाकात गेला आणि दादाचं टेबल आठवलं.

जुन्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह जमवून दादाने माझ्या गिटारसाठी घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. त्याचा आवाज मऊ, भरीव होता. पण मला ऑर्केस्ट्रातल्या इतरांसारखा दुकानातला, चकचकीत अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. देवळा गावातल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दादाचा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्याने घुमायला लागला.

"गिटारची वायर तपासलीस ना?" दादाने आधी विचारलं.

"हो, ठीक आहे."

मग दुपारभर तो पेन्सिलीने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकून बघत होता, जोड पुन्हा सोल्डर करत होता. आतला करंट जीवघेणा, म्हणून डावा हात कायम खिशात. "दोन्ही हात घातले तर छातीतून जातो," असं तो सांगायचा. घाम टपकत होता, घुमणं जात नव्हतं.

शेवटी त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "माझंच काम कच्चं रे. तू नवीन घे."

मी घेतला. दादाने पुन्हा काही बनवलं नाही. आजही घरातला मिक्सर बिघडला तर तो म्हणतो, "मला कुठे जमतं? दुकानात दे."

त्या दुपारी माझाही हात खिशातच होता, गुंडाळून ठेवलेल्या गिटारच्या दुसऱ्या वायरवर. सकाळी तीच लावून पाहिली होती. अ‍ॅम्प्लिफायर अगदी स्वच्छ वाजला होता.