घरघंटीच्या मागचा पुठ्ठा

आमची घरघंटी वहिनींनी जाळली नाही. ती मी जाळली. खरं तर एवढंच सांगायचं होतं — पण एवढ्यावर भागत नाही, हे तुमच्याही लक्षात येईल. गेल्या महिन्यापर्यंत ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. भावाला नाही, बायकोला नाही. आणि ज्यांना सर्वांत आधी कळायला हवी होती, त्या वहिनींना तर नाहीच.

आधी वहिनींबद्दल बोलू द्या. नाहीतर मी नक्की काय मोडलं ते तुम्हाला कळणार नाही.

सुरेखावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर सायखेड्याचं. त्या लग्न होऊन आमच्या सातपूरच्या घरी आल्या तेव्हा मी आयटीआयला होतो. दादा कंपनीत शिफ्टला जायचा, पुढे मीही जायला लागलो. काही वर्षांनी वहिनींनी हट्टाने घरघंटी घेतली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून कॉलनीतल्या बायकांची दळणं करायला सुरुवात केली. पिठाची गिरणी कोपऱ्यावर होतीच की! पण तिथलं पीठ हाताला चटका देत यायचं, आणि कुणाच्या ज्वारीत कुणाचे गहू मिसळतील याचा नेम नसायचा. वहिनींकडचं पीठ कोमट असायचं. तेवढ्यासाठी बायका दोन गल्ल्या ओलांडून यायच्या.

त्या मशीनशी ज्या पद्धतीने वागायच्या ते आजही डोळ्यांसमोर आहे. भाजलेलं धान्य परातीत पसरून पार गार झाल्याशिवाय दळायला घ्यायचं नाही. मशीन आधी रिकामीच सुरू करायची, मग दाणे बेताने सोडायचे. एक डबा झाला की बंद. मग तळहात मशीनच्या अंगाला लावून थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या, कुणाचं तरी ऐकत असल्यासारख्या. "अजून नाय. बसू द्या तिला जरा." मशीन त्यांच्या लेखी घरातली एक बाईच होती.

शेजारच्या जाधवकाकूंना थांबणं जमायचं नाही. "अगं सुरेखे, मशीनच आहे ना ती? का बाळंतीण आहे?"

"बाळंतीण परवडली काकू. ती दुखलं तर ओरडते तरी."

मिक्सर मधेच बंद पडला की बायका तोही घेऊन यायच्या. वहिनी तो उलटा करून खालचं लाल बटण दाखवायच्या. "बिघडला नाय हो. तापला म्हणून आपला आपण थांबलाय, शहाणा आहे. गार होऊ द्या, मग हे दाबा. आणि चटणी निम्मी निम्मी वाटा." हे त्यांना कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. लक्ष देऊन देऊन आलेलं होतं ते. मी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेला माणूस — पण मोटर तापते आहे हे मला मीटर लावून कळायचं, त्यांना तळहाताने. याचा मला तेव्हाही अभिमान वाटायचा. खरंच वाटायचा.

मग मी तसं का वागलो?

माझ्या लग्नाचं चाललं होतं. दिवाळीच्या तोंडावर मुलीकडची माणसं घर बघायला यायची होती. आम्ही स्वयंपाकघराला रंग दिला. घरघंटीच्या मागच्या बाजूला हवा जायला पट्ट्यांची जाळी असते, तिच्यातून बारीक पीठ उडतं. रंग दिल्यावर दोन दिवसांत मागच्या भिंतीवर पुन्हा पांढरा थर बसला. मला लाज वाटली. कशाची, ते आज नीट सांगतो — भिंतीची नाही. आपल्या घरात लोकांची दळणं होतात, याची. दाराशी पिशव्या घेऊन उभ्या असणाऱ्या बायकांची. आणि हो, वहिनींच्या केसांवर दिसणाऱ्या पिठाचीही. ज्यांचं इतकं कौतुक वाटायचं त्यांचीच लाज — माणूस असा कसा असतो?

भिंत पुसून मी एक जाड पुठ्ठा कापला आणि त्या जाळीवर खाकी चिकटपट्टीने घट्ट लावून टाकला. मोटरला हवा लागते हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याचंच तर शिक्षण घेतलं होतं मी. पाहुणे येऊन जाईपर्यंतचा प्रश्न आहे, असं स्वतःला सांगितलं. वहिनींना सांगितलं नाही.

नेमकं पाहुणे यायच्या दिवशीच चकलीच्या भाजणीचं काम निघालं. ते संध्याकाळी यायचे होते, आणि सकाळपासून ओट्याखाली डब्यांची रांग. वहिनींनी नेहमीसारखंच सगळं केलं. एक डबा, मग विश्रांती. पण हात लावून त्या थबकल्या. "आज लवकर तापतीय ही." जरा जास्त वेळ थांबून त्यांनी पुन्हा चालू केली, पुन्हा थांबवली. मी दुसऱ्या पाळीला जाणार नव्हतो, रजा घेतली होती. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शिकलेले आहात यातलं. मागून बघता का जरा?"

मी वाकलो. पुठ्ठा समोर होता. हात घातला असता तर एका झटक्यात निघाला असता. पण मग त्यांनी विचारलं असतं, हे कुणी लावलं, कशासाठी. आणि संध्याकाळी भिंत पुन्हा पांढरी.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "काही नाही वहिनी. ऑक्टोबरचं ऊन आहे. चालू द्या."

इथे थांबतो जरा. पुठ्ठा लावणं हा मूर्खपणा होता. पण हे — हे काय होतं?

त्यांनी स्वतःच्या हातापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. जाधवकाकूंचा डबा अर्धा झाला होता तेव्हा जळका, उग्र वास आला आणि मशीनच्या तळातून धूर निघाला. मी धावलो, प्लग काढला आणि धुरात हात मागे घालून पुठ्ठाही ओढून काढला. वहिनींनी आणि दारातल्या बायकांनी फक्त प्लग काढताना पाहिलं. "भाऊजी होते म्हणून वाचलो," असं वहिनीच म्हणाल्या. मी तो पुठ्ठा मागच्या कचऱ्यात टाकून आलो.

संध्याकाळी पाहुणे आले. मुलीचे वडील त्या भिंतीला पाठ करूनच बसले. लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी मोटर काढून स्कूटरवरून द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात नेली, जळालेली तार काढून नवी भरायला. मेकॅनिकने ती फिरवून पाहिली. "हवा कोंडली होती का हो? जाळी बंद होती काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ओला माल टाकला असणार. नाहीतर दमच घेऊ दिला नसेल मोटरला."

आणि मी घरी येऊन तेच सांगितलं. मेकॅनिक म्हणतोय, ओला माल होता. नाहीतर मोटरला दम घेऊ दिला नाही. एक शब्द माझा नव्हता, आणि सगळं खोटं माझं होतं.

जाधवकाकूंची भाजणी धुराच्या वासाने वाया गेली होती. वहिनींनी स्वतःच्या डब्यातली भाजणी त्यांना दिली, तरी काकू चार जणींत म्हणाल्याच, "एवढे लाड केले मशीनचे, आणि शेवटी जाळलीच की!" बायका हसल्या. वहिनीही हसल्या. म्हणाल्या, "धान्य कोरडं, गार झालंय असं वाटलं होतं मला. चुकलं माझं." मी दारात उभा होतो.

मोटर भरून आली, मशीन चालू झाली. वहिनी मात्र बदलल्या. तळहात लावायच्या आणि मला हाक मारायच्या. "भाऊजी, बघा हो, जास्त तापलीय का? मला काय कळंना." मला! मी हात लावायचो, ठीक आहे म्हणायचो, आणि त्या निश्चिंत व्हायच्या. हे एकदा नाही, पुष्कळदा झालं. हळूहळू त्यांनी भाजणी घेणं बंद केलं, मग बाहेरची दळणंही. मशीन घरापुरती उरली. 'मी मशीन जाळलेली बाई' हा त्यांचा विनोद झाला. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, कुणी नवीन उपकरण घेतलं की तोच विनोद. प्रत्येक वेळी लोक हसायचे. मीही हसायचो. तुम्ही मला दुसरं काही विचारू नका, एवढं एकच धरा — मीही हसायचो.

गेल्या महिन्यात आम्ही एअर फ्रायर घेतला. माझ्या बायकोने तो ओट्यावर भिंतीला चिकटवून ठेवला होता. आता आमची बिऱ्हाडं वेगळी आहेत. वहिनी सहज आल्या, आणि बोलता बोलता त्यांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी तो वीतभर पुढे ओढला. "मागून गरम हवा निघते गं याची. भिंतीला कोंडू नको." आणि लगेच हात मागे घेतला, ओशाळून हसल्या. "पण माझं काय ऐकतेस म्हणा! मी तर मशीन जाळलेली बाई."

माझी बायको हसली. मला या वेळी हसू आलं नाही.

मी तिथेच सांगितलं. पुठ्ठा, चिकटपट्टी, भिंत, द्वारका चौकातला मेकॅनिक — सगळं. वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांनी एकच विचारलं.

"मी बघा म्हणाले, तेव्हा तुम्हाला दिसला होता तो?"

"हो."

"म्हणजे ती तापतीय, हे मला बरोबर कळलं होतं."

"हो वहिनी."

त्यांचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. त्या मला एकदाही टाकून बोलल्या नाहीत. त्या तशाच आहेत. पण सोडलंही नाही मला. म्हणाल्या, "मला इथे सांगून काय उपयोग भाऊजी? चूक माझी, असं मी चार जणींत म्हटलं होतं."

त्या रविवारी दुपारी जाधवकाकूंच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. काकू आता थकल्या आहेत, कमी ऐकू येतं. त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं, आणि ते बरंच झालं. वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी म्हणालो, "काकू, त्या दिवाळीत तुमची भाजणी वाया गेली, मशीन जळाली, ती सुरेखावहिनींमुळे नाही. त्यांचं धान्य कोरडं, गार होतं. मशीन तापतीय, हे त्यांनी ओळखलं होतं आणि मला बघायला सांगितलं होतं. हवेची वाट मीच पुठ्ठ्याने बंद केली होती. पाहिलं, आणि काही नाही म्हणालो. इतकी वर्षं त्यांच्यावर हसू दिलं." मग वहिनींकडे वळलो. "वहिनी, मी तुमचा अपराधी आहे."