पडद्यावरचा पाय

रुखमाबाईंच्या तोंडाला लागायची हिंमत नर्सिंगच्या वसतिगृहात कोणाची नव्हती. भात उरवला तर बोलणी, नळ ठिबकत ठेवला तर त्याहून जास्त. बाई मूळच्या पोंभुर्ण्याकडच्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, धानाच्या ऐन रोवणीत उजवा पाय सुजला आणि तो काही उतरला नाही. सासरच्यांनी 'हत्तीपायाची बाई नको' म्हणून माहेरी आणून टाकली. चावला डास, शिक्षा बाईला! तेव्हापासून त्या चंद्रपुरात पोरींचा स्वयंपाक रांधत होत्या.

पातळ त्या टाचेखाली नेसायच्या. सकाळ-संध्याकाळ मोरीचं दार लावून साबणानं पाय धुवायच्या आणि बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं टिपायच्या. इतक्या वर्षांत ते दार त्यांनी एकाच पोरीसाठी उघडलं.

"बाई, शरीरक्रियाशास्त्राच्या तासाले मले हत्तीपाय सांगायचा आहे," दिव्यानी लाडात येऊन म्हणाली होती. "एक फोटो काढू द्या न."

"तोंड येईन काय त्याच्यात?"

"नाई बाई. नुसता पाय."

पोरगी सिरोंच्याची, घरापासून लांब राहणारी. बाईंचा तिच्यावर जीव होता. त्या पाय धूत बसल्या आणि दिव्यानी शेजारी उकिडवी बसून फोटो काढत राहिली. साबण तिनं पाहिला, फडकंही पाहिलं.

सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून एक डॉक्टर परीक्षक म्हणून आले होते. त्यांच्यासाठी चहा घेऊन बाई वर्गात शिरल्या, तर समोर पडदाभर त्यांचा पाय. आपणच हो म्हटलं होतं, म्हणून त्या दाराशी गुमान उभ्या राहिल्या.

"डासामुळे जंतू शरीरात जातात," दिव्यानी घडाघडा बोलत होती. "पण रोग वाढतो तो रुग्णाच्या अज्ञानामुळे आणि अस्वच्छतेमुळे. हे लोक पाय धूत नाहीत."

मोबाइलवर कुठंतरी सापडलेलं वाक्य तिनं जसंच्या तसं उतरवलं होतं. मोरीत काय पाहिलं ते विसरली कार्टी! टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणाले, "छान. कोणाला काही विचारायचंय?"

"मले इचारायचं आहे," रुखमाबाई म्हणाल्या.

वर्गाच्या मॅडम घाईनं उठल्या. "बाई, हे फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे."

"अन् पाय कोणाचा हाये, मॅडम?"

मॅडम खाली बसल्या. बाईंनी ट्रे टेबलावर आदळला, तसा चहा बशांत सांडला. सासरच्यांनी टाकलं, तेव्हा जाब विचारायचं बळ अंगात नव्हतं. आज होतं.

"काऊन वं दिव्यानी, कोण धूत नाई पाय? तुह्या डोळ्यांसमोर धुतला न मी? साबण दिसला नाई तुले?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. बाईंनी तिकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी विरलं.

"इतका अभ्यास केला पोरी तुनं. दुखते काय म्हणून एकडाव तरी इचारलं मले?"

दिव्यानीनं मान हलवली. नाही.

"या पायाले ताप येते. हुडहुडी भरते, जांघेत गोळा येते, उभं राहवत नाई. मागच्या सोमवारी आला होता. पण तुमच्या पोटाले सुट्टी नसते, म्हणून भिताडाले टेकून रांधलं मी."

दिव्यानीचे डोळे भरून आले होते. बाईंनी ते पाहिलं, पण राग तसूभरही कमी झाला नाही. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"त्या दिवशी भात गिचका झाला म्हणून तू ताट सरकोलं होतं. लिहाचं असन त तेबी लिही तिथं."