आडवा माणूस वळेल एवढा जिना

आमचं घर बांधायच्या आधीच दामूभाऊजींनी मला त्यात स्वयंपाक करायला बसवलं. हे माझे धाकटे दीर. अमरावतीत टेकडीच्या उतारावर आमचा प्लॉट. रुंदीला दोन खाटा आणि चढ असा, की ठेवलेला तांब्या खाली रस्त्यावर जाऊनच थांबे. भाऊजींनी त्यावर पांढऱ्या फक्कीने खोल्या आखल्या. मी भाजी चिरायला बसले, कांदा घरंगळला. आणायला उठले तर ओरडले, "वयनी, भिंतीतून काहून चालून राहिल्या? दरवाजा तिकडं हाय!"

ते शाळेत चित्रकला शिकवायचे. घर कधी बांधलं नव्हतं, पण मुलांकडून वहीत काढून घेतलेली पुष्कळ होती.

जन्मभर मी भाड्याच्या खोलीत दाराआड चूल मांडली. मला फक्त लांब ओटा हवा होता. भाऊजींनी ती जागा जिन्याच्या वळणाला दिली. कारण आमचे सासरे. ते भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर वारले. अंग आखडलेलं, जिन्याच्या वळणावर अडकले. शेवटी उभे करून उतरवले.

"बापाले कपाटासारखं काढलं आपण," भाऊजी म्हणायचे. "मेलेला माणूस वाकत नाई, वयनी."

"अन् जिता माणूस रोज दोन टाइम जेवते, भाऊजी. मरते एकदाच."

"म्हणूनच तं! दुसऱ्यांदा जमवू म्हनता येत नाई."

मग माझ्या नवऱ्याला शिडीवर झोपवून चौघांनी फक्कीच्या जिन्यातून नेलं. रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याने चप्पल काढून हात जोडले. नवऱ्याने मान उचलून त्याला रामराम घातला. म्हातारा चप्पल सोडून पळाला. भाऊजींचं लक्ष तिकडे नव्हतंच. "दादाचे पाय भिंतीत गेले!" म्हणाले, आणि माझा ओटा आणखी वीतभर पुसला.

घर तसंच बांधलं. भाऊजी वारले मात्र अकोल्याला, लेकीच्या फ्लॅटमध्ये. लिफ्ट लहान. त्यांना उभं करून खाली आणलं.

त्यांना घेऊन गाडी आमच्या दारात आली. सगळे म्हणाले, खालीच ठेवा. मी म्हटलं, "वर न्या."

"काकू, पुन्हा खाली आनावं लागंन."

"त्याच्याचसाठी तं."

चौघांनी वर नेलं आणि खाली आणलं. वळणावर कुठेच घासले नाहीत. माझा ओटा अजून एवढाच आहे. पोळपाट ठेवायचा तर डबा खाली उतरवावा लागतो.