पुलावर बदललेला रेनकोट

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तिकडच्या थंडीपावसात सायकलवर कोणता रेनकोट घालावा. आहे त्यातून पाणी शिरत नाही, पण घामाने आतूनच अंग भिजतं आणि मग हुडहुडी भरते. ही अडचण मला चांगली ठाऊक आहे.

मी पाथरीहून सायकलने एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला जात असे. सोबत एक तरुण शिक्षिका असायची, पाथरीच्याच बौद्ध वस्तीतली. पहिल्या पगारात तिने काळा रबरी रेनकोट घेतला होता. तसा कोट त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाकडे नव्हता. फाट्यावर बसणारी माणसं ऐकू जाईल असं बोलत, "कोट लय चढलाय बाईच्या अंगावर!"

माझ्याकडे सासऱ्यांची घोंगडी होती. तिची खोळ करून डोक्यावरून घ्यायची आणि कमरेला सुतळी बांधायची. घोंगडीत वारा खेळतो, ऊब राहते, पण तासाभरात ती पाणी पिऊन जड होते. रबरी कोटात पाणी येत नाही, पण वाफ कोंडते. म्हणून आम्ही अर्ध्या वाटेवरच्या पुलावर थांबून अदलाबदल करायचो. एकीला वाफ, एकीला ओझं, असं वाटून घ्यायचो.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, ते दिवस. चार दिवसांची झड लागली होती, गार वारा सुटला होता. दुपारी शाळेत बातमी आली की शेजारच्या गावात वस्तीला आग लावली. हेडमास्तरांनी शाळा सोडली. मी तिला म्हणाले, "आज वस्तीत जाऊ नकोस. माझ्या घरी चल."

पुलावर ती सवयीने थांबली. "बाई, आत नुसती वाफ झालीय. बदला आता."

मीही सवयीनेच बदलला. दोघींपैकी एकीच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

ती पुढे, मी शंभरेक पावलं मागे. फाट्यावर काठ्या घेऊन सात-आठ जण उभे होते. घोंगडीकडे पाहून एक जण म्हणाला, "जाऊ दे रे, शेतकऱ्याघरची हाय." ती निघून गेली. मग त्यांना कोट दिसला.

पहिली काठी खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मी सायकलसकट चिखलात पडले. कुणीतरी पोटात लाथ घातली. "नामांतर पाहिजे का गं तुला? घे!" दुसरी काठी पाठीवर, तिसरी सायकलच्या चाकावर. एकाने कोटाच्या टोपीला धरून मला फरफटवलं. टोपी निघाली.

"आरं थांबा! ह्या तर आपल्या वैनी हायत!"

काठ्या खाली गेल्या. ज्याने लाथ घातली होती तोच मला उठवायला लागला. "वैनी, माफी करा. आमाला वाटलं ती हाय." एकाने माझी चप्पल चिखलातून काढून धुऊन आणली. तुम्हाला खरं सांगते, त्या 'आपल्या' शब्दाने मला आधी हायसं वाटलं. त्याची लाज आजही जात नाही.

"मग ती कुटं हाय?" एकाने विचारलं.

रस्त्यावर लांब घोंगडी अजून दिसत होती. मी त्याच्याच डोळ्यांत पाहत म्हणाले, "आज आलीच नाही. कोट मी कालच मागून घेतला होता."

ते मला जीपने सोडायला निघाले. मी नको म्हटलं. एका हाताने सायकल ढकलत घरी पोचले, तेव्हा ती माझ्या ओसरीवर घोंगडी पिळत होती. माझा लोंबणारा हात पाहून तिला सगळं कळलं. "बाई, तो मार माझा होता," एवढंच ती म्हणाली. ती तेरा दिवस आमच्याकडे राहिली आणि मग बदली घेऊन गेली.

तर काखेखाली चेन असलेला कोट घ्या. चढावर चेन उघडायची म्हणजे वाफ निघून जाते. आत सुती कापड नको, पातळ लोकरीचं घाला.

तिचा कोट माझ्याकडेच राहिला, खांद्यावर फाटलेला. तो परत द्यायला मी दोनदा तिच्या नव्या गावची एसटी धरली आणि दोन्ही वेळा आधीच्या थांब्यावर उतरून मागे आले.