मोजे ओढणारा स्ट्रायकर

१२ मार्च, सायंकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. अबुधाबीतील आमच्या क्लबच्या मैदानावर छत्तिशीचा जर्मन फुटबॉल स्ट्रायकर चाचणी देत होता. वेगवान धावा पाचाहून कमी भरल्या, तर त्याचा करार वाढणार नव्हता. क्लबची क्रीडाशास्त्रज्ञ म्हणून मोजमाप माझ्याकडे होते.

तो मला ‘डॉक्टर’ म्हणे. माझा प्रबंध अद्याप अपूर्ण आहे, ही दुरुस्ती करण्यास मला वर्षभरात वेळ मिळाला नव्हता. सरावाआधी तो गोलची जाळी हाताने चाचपून पाही आणि प्रत्येक वेगवान धावेनंतर मोजे गुडघ्यापर्यंत ओढी. या सवयीची नोंद मी वहीत ‘असंबद्ध निरीक्षण’ या सदराखाली केली होती.

त्या दिवशी त्याच्या अंगावरच्या सेन्सरने चार धावा दाखवल्या. आकड्यांच्या पावित्र्यावर नवशिक्यांना तासभर ऐकवणाऱ्या मी इकडेतिकडे पाहून सहा लिहिले आणि अहवाल सहीसाठी त्याच्यापुढे ठेवला.

“डॉक्टर, सहा?”

“सेन्सर तसं सांगतो,” मी शक्य तितक्या शास्त्रीय चेहऱ्याने म्हणाले.

“मग त्याला सांग, मोजे मी चारच वेळा ओढले.” तो हसला. “पंधरा वर्षं गोल मोजतोय. न मारलेला एकही धरला नाही. आता खलास.”

त्याने पेन माझ्याच हातात दिले. मी आधी वहीतील ‘असंबद्ध’ हा शब्द खोडला आणि मग अहवालातील सहा. त्याच्या नावापुढे मी नोंदवलेला शेवटचा आकडा: चार.