राजाचा उद्दामपणा, पंधरा गुण

आणीबाणीत आम्ही तिघी वाशीत राहून एम.ए. मराठीचा बाहेरून अभ्यास करत होतो. मी, खालच्या मजल्यावरच्या वहिनी आणि जुहूगावातली एक शिक्षिका. दुपारी माझ्या घरी जमायचं, मोठ्यानं वाचायचं, टिपणं काढायची, एवढंच. तेही कुणीतरी कळवलं.

हवालदार आला. "इथं बैठका होतात म्हणे."

"अभ्यास होतो," मी म्हटलं.

त्यानं माझी वही उघडली. नेमका प्रश्न निघाला, राजाच्या उद्दामपणाचं चित्रण सोदाहरण स्पष्ट करा.

"हा राजा कोण?"

"नाटकातला. फार जुन्या काळातला."

"मग आत्ता कशाला वाचता?"

"परीक्षेला आहे. पंधरा गुणांना."

तिघींच्याही वह्या काखोटीला मारून तो गेला. मी चार वेळा चौकीत खेटे घातले. साहेब दर वेळी म्हणायचे, "वह्या वर पाठवल्यात." परीक्षा तीन आठवड्यांवर आल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "मग पुन्हा लिहा ना बाई. तुमचंच तर आहे सगळं." दोन वर्षांची मेहनत, आणि हे उत्तर.

वहिनींचे यजमान सरकारी नोकरीत. माझ्या चौथ्या खेपेनंतर दुसऱ्याच दिवशी त्या माझी पुस्तकं परत द्यायला आल्या. "ह्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे, ताई. राग मानू नका."

मी मानला. चौकीत गिळलेलं सगळं त्यांच्यावर काढलं. "मग दोन वर्षं वाचलंत कशाला?" मी म्हणाले. त्या जिना उतरून गेल्या.

शिक्षिकेला मात्र हसू येत होतं. "माज्या घरी बसू," ती म्हणाली. "डोक्यातलं कोन नेनार हाय?" तिच्या ओटीवर बसून आम्ही आठवेल तसं सगळं पुन्हा लिहून काढलं. निम्मं आठवलंच नाही, त्यावरून भांडलो. परीक्षेत राजाचा प्रश्न आलाच नाही. दोघी सेकंड क्लासमध्ये पास झालो. वह्या कधीच मिळाल्या नाहीत, आणि आणीबाणी उठल्यावर चौकीत कुणाला त्या आठवतही नव्हत्या.

पुढे काही वर्षांनी मी वहिनींसाठी परीक्षेचा फॉर्म घेऊन गेले. त्यांनी तो नीट वाचला, घडी घालून टीव्हीवर ठेवला. "आता नको वाटतं हो," म्हणाल्या, आणि चहा टाकला. मी तो घेतला. चिडचिड होत होती, पण त्यांच्यावर चिडायचा हक्क मी केव्हाच वापरून बसले होते.