आईने काचेवर आतून काढलेलं स्वस्तिक

मंडळी, आज आचोळ्यात आमच्या बिल्डिंगखाली गाडीची पुढची काच बदलली. काल तिच्यावर नारळ पडला होता.

गाडी घेतली तेव्हा आईने काचेच्या कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, तेही आतून. "बाहेरून काढलं तर पावसात जाईल गं. आतून राहील."

राहिलं. यंदा आईच गेली.

काच उतरवताना कारागिराने विचारलं, "ताई, देवाचं आहे, पुसून नेऊ का?" मी म्हटलं, "हात नका लावू. असंच न्या." त्याने फुटकी काच तशीच टेम्पोत ठेवली.

नवी काच बसली आणि मी सवयीने वर बघून ओरडले, "आई, कुंकू घेऊन खाली ये गं!"

खिडकीत कुणीच आलं नाही.

तुमच्याकडे नव्या वस्तूला कुंकू कोण लावतं?